पास काढू नकोस

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला जपानचा बेत पाहिला. टोकियो, क्योटो, हिरोशिमा, ओसाका, रोज नवं हॉटेल. आई म्हणाली, "ही फिरायला चाललीय की टपालाच्या थैल्या पोचवायला?" ते तुमचं तुम्ही बघा. मी रेल्वेतला माणूस, मी फक्त तिकिटांचं बोलतो.

तो सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, काढू नकोस. तुझ्या मैत्रिणीने काढला तेव्हा तो २९,६५० येनला होता, म्हणून तिला परवडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे ५०,००० झाले. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं सुटं तिकीट साधारण १४ हजार येन. जाऊन-येऊन २८ हजार. हिरोशिमा धरलं तरी पासाचे पैसे जेमतेमच वसूल होतात, वर 'नोझोमी' ही सगळ्यात वेगवान गाडी पकडायची तर पास असूनही जादा पैसे मोजावे लागतात. पास हातात असला की माणूस तो वसूल करायला धावत सुटतो, हे मी सीझन पासवाल्यांत उभा जन्म पाहिलंय.

टोकियोहून क्योटोला जाताना उजवीकडची खिडकी माग, साध्या डब्यात 'ई' अक्षराची सीट. हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासाच्या आसपास फूजी दिसतो. आणि ती मोठी लाल बॅग घरीच ठेव. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर त्या गाडीत बॅगेच्या जागेसकट सीट आधी राखून ठेवावी लागते.

शहरात सुइका हे आधी पैसे भरायचं कार्ड घे. गेटवर टेकवायचं, आत जायचं. कागदी तिकीट काढलंस आणि पुढच्या स्टेशनाला उतरावंसं वाटलं, तरी घाबरू नकोस. बाहेरच्या गेटाआधी एक मशीन असतं, त्यात तिकीट घालायचं, उरलेला फरक भरायचा, सुटलीस. दंड नाही, दरडावणं नाही. मी आयुष्यभर पावत्या फाडल्या, त्या मशीनसमोर मात्र बराच वेळ नुसता उभा राहिलो. तुझी आई पुढे निघूनही गेली होती.

टोकियोतल्या शिंजुकूला मात्र सांभाळ. त्या स्टेशनाला दोनशेच्या वर बाहेरची दारं आहेत. कुठल्या दाराने निघायचं ते फलाटावरच ठरव, गर्दीमागे गेलीस तर भलत्याच बाजूला निघशील. आपल्या लोकलच्या सवयीने रात्री उशिरापर्यंत भटकू नकोस, गाड्या मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होतात आणि टॅक्सी खिसा कापते. क्योटोत बसमध्ये मागून चढायचं, पैसे उतरताना पुढे द्यायचे. ही पद्धत आपल्याकडे आणली तर काय होईल, यावर न बोललेलं बरं.

एक दिवस हिरोशिमाचा कमी कर आणि कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थाला जा. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बसवलेला. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते, काही गाड्यांना हाशिमोतोला बदलावं लागतं. ही खाजगी लाइन, म्हणजे तुझा पास इथेही चालला नसता. पुढे डोंगर चढणारी केबल कार, आणि वर पोचल्यावर गावात जायला बस. तो रस्ता फक्त बसचा आहे, पायी जाऊ देत नाहीत, तेव्हा वर पोचलीस की आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघून घे. ओकुनोइनच्या दफनभूमीत दोन किलोमीटरची वाट आहे, दोन्हीकडे सुगी नावाची उंच जपानी झाडं, तिथे घाई करू नकोस.

आई मेथीचे ठेपले बांधून देतेय, नको म्हणू नकोस. शाकाहारी म्हणून मागवलेल्या सूपातही तिथे बऱ्याचदा माशाचा अर्क असतो.

तुझे
बाबा