तंजावरच्या पुढे समुद्रही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तंजावरच्या मराठ्यांवरचा लेख वाचला. सरस्वती महाल ग्रंथालय, मोडीची दफ्तरं, बृहदीश्वराच्या देवळातला सरफोजीराजांचा मराठी शिलालेख, सगळं आलंय. संभाजीराजांवरून सांबाराला नाव पडल्याची दंतकथाही आलीच. ती टाळून तंजावरवर लिहिणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. पण लेख राजवाड्याच्या दारातच थांबला. तिथून रेल्वेने दोनेक तास पूर्वेला गेलं की नागपट्टिणम येतं. १९९१ पर्यंत हा जिल्हा वेगळा नव्हता, तंजावरचाच किनारा होता.

मी हरणईचा, त्यामुळे समुद्र असला की पाय तिकडे वळतात. नागपट्टिणमला लागूनच नागूर आहे. तिथे शाहुल हमीद यांचा सोळाव्या शतकातला दर्गा आहे, त्याला पाच मिनार. त्यातला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, बांधून दिला प्रतापसिंहराजांनी, म्हणजे शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या नातवाने. १७३९ ते १७६३ ही त्यांची कारकीर्द. मराठ्यांची दक्षिणेतली खूण म्हणून आपण वाड्याचे फोटो छापतो, आणि होडीतून दिसेल अशी ही खूण आपल्या कुठल्याच लेखात नसते.

दर्ग्यात पत्र्याच्या लहान लहान ठशांची दुकानं आहेत. हात, पाय, डोळे, घर, होडी. आपल्याकडे देवीला नवसाचे चांदीचे डोळे वाहतात, तसलाच प्रकार. ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई होडीचा ठसा निवडत होती. तीनचार उलटसुलट करून पाहिले, शिडाची बाजू नीट उठलेलाच घेतला. मी मुंबईच्या बाजूचा असं कळल्यावर दुकानदाराने न विचारताच वेलंकनीच्या, म्हणजे तिथल्या मेरीमातेच्या प्रसिद्ध चर्चच्या, बसचा रस्ता दाखवला. त्याचंही बरोबर. सप्टेंबरच्या यात्रेला मुंबईहून, वसईहून, गोव्याहून इतकी माणसं येतात की रेल्वे खास गाड्या सोडते. त्याच्या हिशेबात मुंबईवाला म्हणजे वेलंकनीचा. प्रतापसिंहराजे त्याच्या डोक्यात आले नाहीत, आणि दहा मिनिटांपूर्वीपर्यंत माझ्याही नव्हते.

आमच्या धंद्याचंही सांगतो. त्यांची मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून, आपली १ जून ते ३१ जुलै. मी गेलो तेव्हा मे महिना होता. हरणईला शेवटच्या फेऱ्यांची घाई चाललेली, आणि तिथल्या बंदरात सगळ्या होड्या बांधून ठेवलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली. गप्पा खुणांनीच झाल्या, पण जाळ्याचं भोक किती बोटांचं हे सांगायला भाषा लागत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत भारतात सर्वाधिक माणसं याच जिल्ह्यात गेली, सहा हजारांहून जास्त. मी तो विषय काढला नाही. एका म्हाताऱ्याने आपणहून भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं ते दाखवलं. त्याच्या डोक्याच्या बरंच वर.

दक्षिणेला वेदारण्यमची मिठागरं आहेत. १९३० च्या एप्रिलमध्ये राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) तिरुचिरापल्लीहून चालत इथे आले आणि त्यांनी मिठाचा कायदा मोडला. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे शिरोड्याला सत्याग्रह झाला. आम्हाला शाळेत शिरोडा शिकवला, वेदारण्यम नाही. त्यांना बहुधा उलटं शिकवत असतील.

तेव्हा पुढच्या वेळी तंजावरवर लिहून घ्याल तेव्हा लेखकाला दोन दिवस जास्त द्या आणि नागूरला धाडा. शक्यतो कंदुरीच्या उत्सवात, म्हणजे दर्ग्याच्या उरुसात. फक्त आपले राजे शोधायला नको, होडीचे ठसे विकत घेणारी माणसंही बघू देत.

एक दुरुस्तीही सुचवतो. लेखासोबतच्या नकाशात डेन्मार्कवाल्यांची जुनी वसाहत तरंगंबाडी नागपट्टिणम जिल्ह्यात दाखवलंय. डिसेंबर २०२० पासून ते मयिलाडुतुरै या नव्या जिल्ह्यात आहे.

आपला,
एक वाचक, हरणई (ता. दापोली)