प्रेस घेण्याआधी : मित्रास पत्र

मालवण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. सोबत पाठवलेली, दागिन्यांचा पत्रा साच्यात दाबून घडवायच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाच्या) प्रेसची दोन्ही दरपत्रके मी दोनदा वाचली. एक प्रेस ५० टनांची, विजेच्या मोटरवर चालणारी. दुसरी २० टनांची, बाटली जॅकची (गाडी उचलायला वापरतात त्या उभ्या जॅकची), हाताने दांडा मारायची. तुझा कल मोठीकडे आहे, हे तुझ्या अक्षरावरूनच कळले. मी मात्र तुला लहान घ्यायला सांगणार आहे.

टनांचा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. पण पत्र्याला टन कळत नाहीत, त्याला कळतो तो दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा दाब. ५ सेंटिमीटर व्यासाच्या युरेथेन पॅडवर (पत्र्याला साच्यात ढकलणाऱ्या रबरासारख्या चकतीवर) २० टन टाकलेस, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,००० किलो भार येतो. तेवढेच टन १० सेंटिमीटर व्यासाच्या पॅडवर पसरले, की तो २५५ किलोच्या आसपास उतरतो. तुझे मुख्य काम मंगळसूत्राच्या वाट्या, कुड्यांच्या पाकळ्या आणि पुतळ्या यांचे; यांतला एकही नग तळहाताएवढा नाही. रुंद कडे एका दाबात घडवायचे असते, तर मी वेगळे लिहिले असते.

टनांपेक्षा मी दोन गोष्टी आधी पाहीन. पहिली म्हणजे वरची आणि खालची पाटी एकमेकींना समांतर राहते का. माझी पहिली प्रेस मी जवळच्याच एका फॅब्रिकेटरकडून गॅरेजच्या नमुन्यावर करवून घेतली होती, हे तुला आठवत असेल. तिच्या खालच्या पाटीला दोन्ही बाजूंनी आधाराचे दांडेच नव्हते, त्यामुळे भार जरा कडेला गेला की पाटी तिरपी व्हायची. वाट्या एका अंगाला खोल आणि दुसऱ्या अंगाला सुरकुतलेल्या निघत. त्यातच एक अ‍ॅक्रिलिकची डाय, म्हणजे साचा, मधोमध तडकली आणि तिचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला. तेव्हापासून मी प्रेससमोर कधी उभा राहत नाही; बाजूला राहूनच दांडा मारतो आणि मध्ये जाड पारदर्शक पडदा ठेवतो.

समांतरता तपासायची युक्ती सोपी आहे. पागाला, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याला, लावतात तशा सारख्या आकाराच्या चार शिशाच्या गोळ्या घे, पाटीच्या चार कोपऱ्यांवर जाड कागदात गुंडाळून ठेव आणि सावकाश दाब. मग प्रत्येक चपटी गोळी स्क्रू गेजने मोज. चारही मापे जवळजवळ सारखी आली, तर पुढचे बोलावे. फरक ठळक दिसला, तर विक्रेता काहीही म्हणो, उठून यावे. कागद मात्र विसरू नकोस. शिशाचा कण पत्र्याला चिकटून आगीत गेला, की सोने ठिसूळ होते, हे तुला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे तेलाच्या दाबाचा मीटर. त्याच्याशिवाय आज जमलेली वाटी उद्या पुन्हा तशीच निघेल याचा भरवसा नाही. मी प्रत्येक डायपुढे वहीत पत्र्याची जाडी, पॅड आणि मीटरचा आकडा लिहून ठेवतो. जोडीची दुसरी वाटी सहा महिन्यांनी करायची वेळ आली, तरी अडत नाही. पॅड दोन प्रकारचे घे. खोल वाटीसाठी ८० शोअर ‘ए’चा (हे रबराच्या कडकपणाचे माप) मऊ पॅड आणि पुतळीवरची लक्ष्मी स्पष्ट उठवण्यासाठी ९५ चा कडक. खोल काम एका दाबात उरकू नकोस. अर्ध्यावर थांबून पत्रा तापवून मऊ करून घ्यावा, नाहीतर तो कडेला फाटतो.

आता मोटरविषयी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे तू जाणतोसच. शिवाय तुझे दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत, तळमजल्यावर आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा तुझी मोटर लावलेली रोलिंग मिल (पत्रा लाटायचे यंत्र) जागची हलवता आली नव्हती. बाटली जॅक चौकटीतून काढून एका हाताने माडीवर नेता येतो. चौकट भिजली, तर पुसून तेल लावले की झाले. ५० टनांच्या यंत्राचे तसे नाही.

खाऱ्या हवेसाठी एवढेच पाळ : काम संपले की दट्ट्या पूर्ण खाली बसवून ठेव, पाट्यांवर तेलाचा हात फिरव आणि जॅकमध्ये जॅकचेच तेल घाल. ब्रेक ऑइलने आतली सिले फुगून निकामी होतात. जॅक चौकटीत उलटा टांगलेला असेल, तर तो तसा चालण्यासाठीच बनवला आहे का, हे आधी विचार. साधा बाटली जॅक उलटा केला की तेलाऐवजी हवा ओढतो.

पाहायला जाशील तेव्हा सोने नेऊ नकोस. तापवून मऊ केलेल्या ०.५ मिलिमीटर तांब्याच्या चार चकत्या आणि तुझी वाट्यांची डाय घेऊन जा, चारही चकत्या त्यांच्यासमोर दाबून घे आणि त्या मला टपालाने पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मालवणचा मित्र