दहा मिनिटांचा पहारा आणि फाटकाची एक किल्ली

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य

विषय: जिल्ह्याजिल्ह्यांतल्या युद्धस्मारकांवर दर रविवारी मानाचा पहारा उभा करण्याबाबत

महोदय,
जय हिंद.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या पलटणीतल्या, कामी आलेल्या एका जवानाच्या पत्नी नवऱ्याच्या पुण्यतिथीला दोन एसट्या बदलून एका युद्धस्मारकावर गेल्या. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणतो. फाटकाला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर, आणि दुसरी किल्ली कुठे असते हे शेजारी कुणाला सांगता येईना. वहिनी पाऊण तास पावसात थांबल्या. शेवटी गजांतून हात घालून त्यांनी झेंडूचा हार आतल्या फरशीवर ठेवला. नवऱ्याचं नाव कोरलेली पाटी तिथून वीस पावलांवर होती. कुणाची तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. रात्री फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, आत कुणी नव्हतंच."

ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होतो. पेन्शनवर आल्याला बारा वर्षं झाली. बेळगावला रंगरूट असताना रेजिमेंटल सेंटरच्या युद्धस्मारकावर आम्हाला पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा माझं वय एकोणीस होतं. उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारे, 'शोक शस्त्र'चा हुकूम देतात. रायफल उलटी होते, नळीचं तोंड खाली, दोन्ही हात दस्त्यावर, मान खाली. परेडच्या बाकी सगळ्या हुकमांत शिपायाची मान ताठ असते. फक्त इथे ती झुकते. पहिली दोन मिनिटं पायाला मुंग्या येतात, घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि पुसायची मुभा नसते. मग हळूहळू समोरच्या दगडावरची अक्षरं दिसायला लागतात. मी एकेक नाव मनात वाचत गेलो. जाधव, शिंदे, मोरे, पुन्हा जाधव. सगळी आमच्याच मुलखातली आडनावं. त्या दिवशी ड्रिल संपल्यावर बराकीत कुणी मोठ्याने बोललं नाही.

स्मारकाला वॉचमन द्या, असं मी म्हणत नाही. वॉचमन हवाच, पण तो चोरासाठी असतो. मानाचा पहारा हा गेलेल्या माणसासाठी असतो. जिवंतपणी तो रात्रीच्या पहाऱ्याची ड्यूटी करायचा आणि बाकीचे निर्धास्त झोपायचे. आता तो झोपलाय, तर त्याच्या उशाशी कुणीतरी उभं राहायला हवं. फौजेत असं कुणी बोलून दाखवत नाही, पण गार्डवर उभा असलेल्या प्रत्येकाच्या पोटात हे असतं.

दिल्लीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत २६ जानेवारी १९७२ रोजी पेटली. उलटी रायफल, वर हेल्मेट आणि शेजारी पहाऱ्यावर तिन्ही दलांचे जवान. जानेवारी २०२२ मध्ये ती ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत मिळवली गेली. हे नवं स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटवर २५ हजारांहून जास्त नावं आहेत, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची. आणि मला सगळ्यात भावलेली रीत म्हणजे संध्याकाळी रिट्रीटच्या, म्हणजे ध्वज उतरवण्याच्या, वेळी हुतात्म्याच्या घरच्या माणसाला बोलावतात आणि त्याच्या हातून पुष्पचक्र वाहतात. आई असते, पत्नी असते, कधी वडिलांना कधीच न पाहिलेला मुलगा असतो. त्या घरासाठी तो एक दिवस देश थांबतो.

पण साताऱ्याच्या, सांगलीच्या, रायगडच्या म्हाताऱ्या वीरमातेला दिल्ली किती लांब आहे, हे आपण जाणता. तिला जवळचं स्मारक जिल्ह्याचं. तिथे २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, कारगिल विजय दिनाला मंडप पडतो, पुष्पचक्रं येतात, फोटो निघतात. उरलेल्या दिवसांत कुलूप. मान द्यायचा तर तो माणसांना सोयीच्या तारखेला देऊन कसं चालेल? तिचा मुलगा काही १५ ऑगस्टला गेला नव्हता.

इथे थोडं जुनं बोलतो, कारण आमच्या भागाला ही जखम शंभर वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान परत आले नाहीत. त्या काळी इंग्रज सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक पाट्यांवर आकडा असतो, नाव नसतं. आमच्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात अन्नावाचून तडफडल्या. त्या आघाडीवर ज्यांची कबरही सापडली नाही, अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी इराकमध्ये बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या आली. २०२१ साली ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने या भेदाबद्दल जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी. तोवर त्या शिपायांच्या बायकाच काय, नातवंडंही गेली होती.

आज आपल्या स्मारकांवर नावं आहेत, आणि याचा मला अभिमान आहे. पण ज्या नावाशी कुणी उभं राहत नाही, जे कुणी मोठ्याने उच्चारत नाही, ते नाव पुन्हा आकडाच होत जातं.

म्हणून माझं मागणं असं. प्रत्येक जिल्ह्याच्या युद्धस्मारकावर दर रविवारी, सूर्यास्ताच्या आधी दहा मिनिटं, मानाचा पहारा उभा राहावा. एनसीसीचे चार कॅडेट आणि त्यांच्यासोबत एक माजी सैनिक. त्या आठवड्यात ज्या ज्या जवानांची पुण्यतिथी असेल त्यांची नावं माजी सैनिकाने वाचावीत: नाव, पलटण, गाव, साल. मग 'शोक शस्त्र', शक्य असेल तिथे ब्युगलवर 'लास्ट पोस्ट' ही मानवंदनेची धून, दोन मिनिटं शांतता. संपलं. भाषण नको, पाहुणे नकोत, ध्वनिक्षेपकही नको. हुतात्म्याचं कुटुंब आलं तर हार त्यांच्या हातून, आणि ते आठवड्यात कधीही आले तरी फाटक उघडं.

याला मोठा खर्च नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हुतात्म्यांच्या कुटुंबांची नोंद असतेच, त्यातून तारखांची वही तयार होईल. ड्रिलसाठी लागणाऱ्या डीपी रायफली एनसीसीच्या युनिटांकडे असतात, त्यांतून गोळी सुटत नाही, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न येत नाही. जिल्हा पोलीस मुख्यालयात ब्युगलर असतात. माणसं म्हणाल तर आम्ही आहोत. गुडघे दुखतात खरे, पण दहा मिनिटं 'सावधान' उभं राहायला अजून कुणी हरकत घेणार नाही. एनसीसी केंद्राच्या अखत्यारीत येते हे मला ठाऊक आहे. तरी राज्याच्या मंत्र्याने संचालनालयाला एक पत्र लिहिलं तर त्याचं वजन वेगळं असतं.

मुलांवर याचा काय परिणाम होईल, असं कुणी विचारलं तर रशियातल्या व्होल्गोग्राडकडे पाहावं. जुनं स्टालिनग्राड ते हेच. तिथल्या अखंड ज्योतीवर १९६५ पासून शाळकरी मुलंमुली पाळीपाळीने पहारा देतात. आणि बेल्जियममधलं ईपर गाव. पहिल्या महायुद्धात ते पार जमीनदोस्त झालं होतं. तिथल्या मेनिन गेट स्मारकावर बेपत्ता सैनिकांची ५४ हजारांहून अधिक नावं आहेत, त्यांत आपले हिंदी सैनिकही आहेत. १९२८ साली गावकऱ्यांनी ठरवलं की संध्याकाळी 'लास्ट पोस्ट' वाजवायचा. १९२९ पासून रोज रात्री आठला कमानीखालची रहदारी थांबते आणि ब्युगल वाजतो. वाजवणारे सैनिक नसतात, गावच्या अग्निशमन दलाशी जोडलेली माणसं असतात. जर्मनांच्या ताब्यात गाव असताना तेवढा खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश फौजेने गाव सोडवलं, आणि त्याच संध्याकाळी, गावात लढाई पुरती थांबलेली नसताना, ब्युगल पुन्हा वाजला. परक्या मुलखातून येऊन आपल्या मातीत पडलेल्या पोरांसाठी एक गाव हे शंभर वर्षं करू शकतं. इथे तर आपलीच पोरं आहेत.

सगळे ३६ जिल्हे एका दमात होणार नाहीत, हे मान्य. सुरुवात पुण्यातून करा. घोरपडीचं राष्ट्रीय युद्धस्मारक लोकांनी वर्गणी काढून उभं केलं आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी ते खुलं झालं. आपल्या सैनिक कल्याण विभागाचं कार्यालय त्याच्या समोरच आहे. एकदा आपण स्वतः एखाद्या रविवारी या, कुणाला न कळवता, आणि पहाऱ्याच्या मागे दहा मिनिटं उभे राहा.

शासन निर्णय निघायला वेळ लागतो, हे समजतं. तोवर आम्ही थांबणार नाही. येत्या रविवारपासून मी आणि आमच्या पंचक्रोशीतले तीन पेन्शनर, बिल्ले लावून, त्याच स्मारकाच्या फाटकाबाहेर सूर्यास्ताच्या आधी उभे राहणार आहोत. तारखांची वही माझ्या हाताने लिहून झाली आहे. पहिल्या पानावर वहिनींच्या मालकांचं नाव आहे.

नावं आम्ही बाहेरूनही वाचू. पण पाटीसमोर उभं राहून वाचता यावीत, यासाठी फाटकाची एक किल्ली आमच्याकडे द्यावी, ही विनंती.

आपला,
एक माजी हवालदार,
मराठा लाइट इन्फंट्री,
जिल्हा सातारा