आधी विषय ठरव, बोर्ड मागाहून

प्रिय सोनू,

काल जेवताना तू विचारलंस की दहावीनंतर केंब्रिज बोर्डाची ए लेव्हल घेऊ, दुसरं आंतरराष्ट्रीय बोर्ड आयबी घेऊ का सरळ स्टेट बोर्डाला अकरावीला जाऊ, आणि बाबा म्हणाले तुला आवडेल ते कर, आजी म्हणाली बायोलॉजी घेतेयस तर मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दे, मग जेवण झालं आणि सगळे उठले. आज चर्चगेटला बसायला जागा मिळालीय, बोरिवलीपर्यंत वेळ आहे, म्हणून सगळं लिहूनच टाकते.

तू गेले काही महिने मैत्रिणींना, सीनियर्सना विचारतेयस की कुठलं बोर्ड चांगलं. प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणणार ना गं. तू कॉलेजला काय शिकणारेस ते आधी धर आणि तिथून मागे ये, म्हणजे कुठले विषय सोडून चालणार नाही ते कळेल, बोर्ड त्यानंतर.

आणि तुला काय शिकायचंय ते मला तरी दिसतंय. थंडीत हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला आपण गेलो होतो तेव्हा बाकीची मुलं फोटो काढून अर्ध्या तासात वडापाव खायला गेली, तू मात्र एका डबक्यापाशी उकिडवी बसून राहिलीस, झोअँथिड नावाच्या फुलासारख्या समुद्री जिवांच्या हिरव्या गादीच्या कडेला एक शंखातला खेकडा मोठ्या शंखात घर बदलत होता, तो पूर्ण आत जाईपर्यंत हलली नाहीस, पाणी चढायला लागलं तेव्हा मी हात धरून उठवलं. नंतर वहीत भरती-ओहोटीच्या वेळा, खडकाची उंची, कुठे काय दिसलं असं सगळं लिहीत होतीस, कोणी सांगितलं नव्हतं. मी आई आहे म्हणून कौतुक करत नाहीये, असं कोणी न सांगता करणं म्हणजेच युनिव्हर्सिटीचा अभ्यास असतो.

तर मरीन बायोलॉजी किंवा त्याच्या जवळचं काही. त्याला बायोलॉजी लागणारच, केमिस्ट्री जवळपास लागतेच, आणि मॅथ्स तू सोडायचं म्हणतेयस ते मात्र सोडू नकोस प्लीज. किती खेकडे दिसले, कुठल्या पट्ट्यात जास्त, तो फरक खरा का योगायोग, हे सगळं स्टॅटिस्टिक्सच आहे. आणि आयसरचा, म्हणजे विज्ञानाच्या त्या सरकारी संशोधन संस्थांचा, विचार असेल तर त्यांच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स चारही असतात. म्हणजे फिजिक्सही अकरावीपर्यंत तरी हातात असू दे.

आता ए लेव्हल. केंब्रिजमध्ये साधारण तीन विषय खोलात, बरेच जण अकरावीला चार घेऊन एएसनंतर, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या परीक्षेनंतर, एक सोडतात. बायोलॉजीत एक पूर्ण पेपर प्रयोग आखायचा आणि आकडे तपासायचा असतो, तो तुझ्यासाठीच केलाय असं वाटतं मला. केंब्रिजचा मरीन सायन्स असा वेगळा विषय पण आहे, तू तो बघितलास की उड्या मारशील मला माहितीये, पण बायोलॉजीच्या जागी तो घेऊ नकोस, सगळ्या शाळांत मिळतही नाही, आणि अ‍ॅडमिशनला बायोलॉजीच जास्त उपयोगी पडेल असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनला तीनच विषयांवर ऑफर देतात त्यामुळे तिकडे हा रस्ता सरळ. इथे मात्र जरा बघावं लागतं, परदेशी बोर्ड असलं की इक्विव्हॅलन्स, म्हणजे हे शिक्षण आपल्या बारावीच्या बरोबरीचं आहे असा दाखला लागतो, आयआयटीला तर बारावीला पाच विषयांचे ७५ टक्के बघतात, म्हणून तुझ्या दादाला मी हा रस्ता कधीच सुचवला नाही.

आयबी वेगळं. सहा विषय, त्यातले तीन हायर लेव्हलला, वर थिअरी ऑफ नॉलेज, सीएएस (कला, खेळ, समाजसेवा असे उपक्रम) आणि एक्स्टेंडेड एसे, म्हणजे मोठा शोधनिबंध. सगळे मिळून ४५ पॉइंट, डिप्लोमाला कमीत कमी २४ हवेत. एसे ४००० शब्दांपर्यंत असतो आणि विषय आपण निवडायचा, तिथे तुझी ती वही सरळ कामाला येईल, मला आयबीतलं सगळ्यात तेच आवडलं. मॅथ्समध्ये एए (अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस) आणि एआय (अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन) असे दोन कोर्स आहेत, घेतलंस तर एए घे, दारं जास्त उघडी राहतात. पण सहा विषय, त्यात दोन भाषा, एक हिस्ट्री किंवा इकॉनॉमिक्ससारखं, सगळं दोन वर्षं सारखं सांभाळायचं, आणि तू एका गोष्टीत शिरलीस की बाकीचं विसरतेस. फिजिक्सला तर त्यात जागाच उरत नाही.

एचएससीला, म्हणजे स्टेट बोर्डाला, कमी लेखू नकोस. रुपारेल, रुइया, साठ्ये, कितीतरी संशोधक तिथून गेलेत. सायन्सला ७० मार्कांची लेखी, ३० चं प्रॅक्टिकल, खर्च कमी, आणि इथल्या डिग्री कॉलेजला नंतर काही कागदपत्रांचा घोळ नाही. काळजी एकच, हल्ली खूप मुलं नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये असतात, तुझं प्रॅक्टिकल मागे पडलं तर मला वाईट वाटेल. नीट तुला द्यायची नाहीये तर आजीला मी सांगेन.

माझं मन ए लेव्हलकडे आहे, बायोलॉजी, केमिस्ट्री, मॅथ्स, आणि एएसपर्यंत फिजिक्स. फीचा हिशेब बाबांनी आणि मी बसून केलाय, जमतंय, तू त्याचा विचार करून निवडू नकोस. पण या चार विषयांपायी इंग्लिश लिटरेचर सोडवतच नसेल तर आयबी म्हण, मी ऐकेन.

शनिवारी शाळेत मी हाफ डे टाकून येतेय. तिथे दोन गोष्टी तूच विचार. केंब्रिजची मार्चची परीक्षा देता येते का, कारण ती भारतात असते आणि रिझल्ट मेमध्ये येतो, मे-जूनला दिली तर ऑगस्ट उजाडतो आणि तोपर्यंत इथल्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशन उरकत आलेल्या असतात. आणि बायोलॉजीच्या लॅबमध्ये आठवड्याला खरंच किती तास मिळतात, ते टाइमटेबल बघायला माग, नुसतं तोंडी नको.

आई