माथेरानचं हॉटेल घेण्याआधी

दादर, मुंबई

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माथेरानचं ते जुनं हॉटेल चालवायला घ्यायचं तुझ्या मनात आहे. त्याच्या व्हरांड्याला कोणीही भुलेल. तू आधी छप्पर बघ.

ही मोठी हॉटेलं लांब मुक्कामाच्या हिशेबावर चालत. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी आगगाडी वर नेली आणि मुंबईकरांना डोंगर सोपा झाला. आता लोक शनिवारी चढतात, रविवारी उतरतात. दर मुक्कामाला नव्या चादरी, सोमवार ते गुरुवार जेवणघर ओस, पावसाळ्यात नेरळची गाडीही बंद. उत्पन्न आटलं, छप्पर मात्र तेवढंच राहिलं.

मग मालक पहिली काटछाट शाकारणीत करतो आणि तिथेच घात होतो. दर मे महिन्यात कौलं उतरवून शेवाळ खरवडायला हवं. प्रत्येक कौलावर टिचकी मारायची: खणखणीत वाजलं तर परत चढवायचं, बद्द वाजलं तर टाकायचं. माकडांच्या उड्यांनी कौलं सरकतात, फुटतात. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पाचोळ्याने तुंबली की पाणी आत शिरतं. खाली लाकडी छत असल्याने ते दिसत नाही, भिंतीत मुरत राहतं आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजतात. त्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. सहज आत गेला तर तुळई गेली असं समज.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत कोंडलेली असणार. चुन्यातून ती बाहेर पडते. गळकी खोली कुलूप लावून ठेवणं तर सर्वांत वाईट. वारा नाही, उजेड नाही, वाळवीला मोकळं रान.

शंभर चौरस मीटर उताराला साधारण १,५०० मंगलोरी कौलं लागतात, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास वजन. माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटार नाही, तेव्हा घोड्यांचं नि हातगाड्यांचं भाडं धर, फुटतूट वेगळी.

चुन्याचं काम येणारा गवंडी आणि जुना सुतार बरोबर ने. दोन-चार दिवस झड लागली की वरच्या मजल्यावरची प्रत्येक खोली, बंद असलेल्याही, उघडायला लावून फिर. तोवर करारावर सही करू नकोस. ते हॉटेल पुन्हा नांदतं व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इतकं लिहिलं.

तुझी,
आई