रस्त्याचे पहिले पाणी गाळूनच खाम नदीत सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी गटाराचे नवे काम निघाले की पाइप किती इंची टाकायचा यावरच सगळी चर्चा होते. त्या पाइपातून काय वाहणार आणि ते कुठे पोचणार, हे कुणी विचारत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या भागातले रस्त्यांवरचे पाणी नाल्यांवाटे खाम नदीत उतरते आणि खाम पुढे नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला मिळते. शहर पिण्याचे पाणी उचलते तेही याच नाथसागरातून! तेव्हा हे पाणी नदीत पडण्याआधी रस्त्याच्या कडेलाच गाळले जावे, अशी आमची मागणी आहे.

सगळा पाऊस गाळायची गरज नाही. उन्हाळाभर साचलेली धूळ, टायरची झीज, गॅरेजपुढचे ऑइल, शेण, गुटख्याच्या पुड्या यांतला बराच भाग पहिल्या १०-१५ मिलिमीटर पावसातच वाहून जातो. आपल्याकडे हा पहिला पाऊस मृगाची वाट पाहत नाही, अनेकदा वळीवच तो घेऊन येतो. म्हणून मेअखेरपर्यंत चालणारी नालेसफाई उशिराचीच. ती एप्रिलमध्ये संपवावी. काढलेला गाळ एक दिवस निथळू द्यावा आणि लगेच उचलावा. काठावर ढीग राहिले तर एका सरीत सगळा गाळ परत नाल्यात जातो.

आता गाळायचे कसे? १,००० चौरस मीटर डांबरी रस्त्यावर १५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १३ हजार लिटर पाणी वाहते. त्यासाठी रस्त्याकडेला एकूण ५० चौरस मीटरचे खोलगट वाफे पुरतात. मीटरभर रुंदीचे चार-पाच तुकडे केले तरी चालते. तळाशी ३० सेंटिमीटर खडी आणि तिच्यात गाळलेले पाणी बाहेर नेणारा ११० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, वर १० सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर ६० सेंटिमीटर गाळणथर. सगळ्यात वर १५ सेंटिमीटर पाणी उभे राहील एवढी जागा सोडायची आणि जादा पाणी जुन्या चेंबरमध्ये जाईल असे सांडतोंड ठेवायचे. वर साडेसात हजार लिटर उभे राहते, सहा-सात हजार लिटर गाळणथरात मुरते, हिशोब जुळतो.

गाळणथरात साधारण ७० टक्के जाड वाळू, २० टक्के माती आणि १० टक्के कुजलेले खत असावे. इथेच कामे फसतात. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू येते. तिच्यातली भुकटी काँक्रीटला चालते, पण इथे तीच दोन पावसांत थर बुजवते. वाळू धुऊनच टाकावी. दुसरी चूक पाणी आत घेणाऱ्या तोंडाची. कडेच्या दगडांत ५० सेंटिमीटरचे तोंड ठेवून वाफा त्याच्यापेक्षा किमान ५ सेंटिमीटर खाली हवा. दोन्ही एका पातळीत राहिले की तोंडाशीच गाळ बसतो, त्यावर गवत उगवते आणि पुढच्या वर्षी पाणी आत शिरतच नाही.

दुसऱ्या प्रदेशातले नकाशे इथे जसेच्या तसे उतरवू नयेत. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून तळाचा पाइप हवाच, आणि पाणी जिरवायचे असेल तर मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. रस्त्याच्या बाजूला जाड प्लास्टिकचा पडदा लावावा, नाहीतर माती फुगून रस्ता उचलतो. इमारतीच्या पायापासून वाफा ३ मीटर लांब असावा. झाडेही आठ महिने कोरडी तग धरणारी हवीत. वाळा, मारवेल, लव्हाळा टिकतात. शोभेची कर्दळ उन्हाळ्यात टँकर मागते.

पाऊस थांबल्यावर २४ तासांत वाफा रिकामा झाला पाहिजे. डेंगीच्या डासाला वाढायला आठवडाभर लागतो, त्यामुळे चालू वाफ्याची धास्ती नको. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर वरचा ५ सेंटिमीटर थर खरवडून बदलावा. या देखभालीची तरतूद निविदेतच, निदान तीन वर्षांसाठी असावी.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. पार्किंगचे किंवा रस्त्याचे पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये. छताचे पाणी गाळून सोडले तर ठीक. पण आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून पळते, वाटेत गाळले जात नाही. ऑइल आणि मैला शेजारच्या बोअरमध्ये पोचतो.

वाफे बांधण्याआधी महापालिकेने प्रत्येक पावसाळी पाइपाचे नदीकडचे तोंड कोरड्या दिवसांत पाहून घ्यावे. तीन दिवस पाऊस नसताना पाइप वाहत असेल तर वर कुठेतरी संडासाची जोडणी असण्याची दाट शक्यता असते. वरच्या भागातल्या संडासांच्या चेंबरांत एकेक करून निरुपद्रवी रंग टाकला आणि तो या तोंडाशी दिसला की जोडणी सापडते. अशी तोंडे क्रमांकासह नकाशावर दाखवून ती यादी दिवाळीनंतर प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढच्या वळवाआधी जोडण्या तोडायला वेळ मिळेल.

— पाणी व सांडपाणी क्षेत्रात काम करणारे काही अभियंते, छत्रपती संभाजीनगर