नुसता कमाल आकडा पुरेसा नाही

महोदय,
उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांत रोज कमाल तापमानाचा आकडा ठळक झळकतो. कोरड्या प्रदेशातल्या पहिल्या महिन्याची निम्मी हकिकत त्यात सुटते. हवेत बाष्प कमी, आकाश निरभ्र. त्यामुळे तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दुपार आणि पहाट यांत १५ ते २० अंशांचा फरक सहज पडतो. दुपारी चटके, पहाटे पांघरूण! किमान तापमान चढू लागले की खरा उन्हाळा आला समजावे.

शिवाय तो आकडा सावलीतल्या हवेचा. उघडी माती त्याहून कितीतरी जास्त तापते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. मातीतली ओलच संपली की ती उष्णता जमीन आणि हवा तापवण्यात जाते. भर दुपारी वावटळी उठतात त्या यातूनच. ढग येतातही, पण बरेचदा थेंब वाटेतच विरतात आणि वाट्याला येते ती धूळ.

तेव्हा कमालशेजारी किमान तापमान आणि दुपारची आर्द्रताही छापावी. जागा फार लागणार नाही, राशिभविष्याचा एखादा कोपरा पुरे.

– एक नियमित वाचक